जुनं इंजिन बसवा, पण ‘नंबरचं बघून घेऊ’ म्हणणाऱ्याकडून नको

या वेळचं पत्र ऐरोलीहून आलंय. थोडं कापून देतोय.

‘दादा नमस्कार. बाबांची २०१२ ची डिझायर आहे, डिझेल, १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. पासिंग ठाण्याचं आहे, एमएच ०४, तेव्हा आम्ही कळव्याला राहायचो. मागच्या महिन्यात बाबा साताऱ्याहून येत होते, लोणावळ्याच्या पुढे ऑइलचा लाल दिवा लागला, बाबांना वाटलं सेन्सर गेला असेल, तसाच घाट उतरले आणि खालापूर टोलच्या जवळ खडखड आवाज येऊन गाडी बंद पडली ती पडलीच. टो करून रबाळ्याच्या एका गॅरेजला आणली. तो म्हणतो इंजिन जाम झालंय, बांधायला म्हणजे खोलून दुरुस्त करायला ९० हजार, नाहीतर कुर्ल्यावरून जुनं इंजिन आणून बसवतो, सगळं धरून ५८ हजार, दोन दिवसात गाडी हातात. तुमचं जुनं इंजिन मला द्या, त्याचे ८ हजार कमी करतो म्हणाला. इंजिन नंबरचं काय विचारलं तर म्हणे ते आपण बघून घेऊ. भाऊ म्हणतो भंगारात दे, १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंदच होणारेत. बाबा म्हणतात गाडी द्यायची नाही. दर महिन्याला गावी जायला आणि आईला ठाण्याला दवाखान्यात न्यायला हीच गाडी लागते. काय करू?’

भाऊ, आधी थेट उत्तर देतो. जुनं इंजिन टाकणं हा वाईट मार्ग नाही, तुमच्या गाडीच्या बाबतीत तर बऱ्यापैकी शहाणपणाचा मार्ग आहे, पण या ५८ हजारांना अजून हो म्हणू नका. कारण दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नाहीयेत, आणि तुमच्या गॅरेजवाल्याने ती शोधायचा प्रयत्नही केलेला दिसत नाही. पहिला प्रश्न, तुमचं इंजिन नेमकं कशाने गेलं. दुसरा, येणारं इंजिन कुणाच्या गाडीतलं आहे आणि त्याच्या नंबरचं काय होणार. किंमत, वॉरंटी, दोन दिवस की आठ दिवस, हे सगळं त्यानंतरचं.

पहिल्यापासून घेऊ. तो लाल दिवा, तेलाच्या कॅनसारखं चित्र असतं तो, ऑइल किती आहे ते दाखवत नाही, ऑइलचं प्रेशर दाखवतो. म्हणजे तो दिवा लागला त्या क्षणी क्रँक, म्हणजे इंजिनची फिरणारी मुख्य दांडी, आणि तिला धरणाऱ्या बेअरिंगच्या मधे जो तेलाचा पातळ थर असतो तो संपत आलेला होता आणि लोखंडावर लोखंड घासायला लागलेलं होतं. तिथे गाडी बाजूला घेऊन चावी बंद केली असती तर कदाचित ऑइल आणि एखादा पाइप एवढ्यावर भागलं असतं. हे बाबांना बोल लावायला सांगत नाहीये, निम्म्याहून जास्त लोक हेच करतात कारण आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं की डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याला घरी जाईपर्यंत वेळ असतो आणि लालला नसतो. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी वडील किंवा सासरे गाडी चालवतात त्यांनी एवढं एक वाक्य आज त्यांना सांगा.

आता दिवा का लागला. ऑइल कमी झालं होतं म्हणून? मग ते गेलं कुठे? खाली गळलं, की टर्बोच्या (इंजिनमधे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) सीलमधून आत जाऊन जळलं, की शेवटची सर्व्हिसिंगच दीड वर्षापूर्वी झाली होती? ऑइल कमी असताना घाटाचा उतार आणि वळणं आली की इंजिनच्या तळाला असलेल्या चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढायला लागतो, म्हणून सपाट रस्त्यावर दिवा दिसला नाही आणि घाटात दिसला असं होऊ शकतं. की ऑइल पुरेसं होतं पण चेंबरमधली जाळी काळ्या गाळाने बुजली होती? की ऑइल पंपच थकला होता? गॅरेजवाल्याला सांगा की ऑइल चेंबर उघड, मला समोर दाखव. हे काही मोठं काम नाही, गाडी तशीही त्याच्याकडे उभीच आहे. ऑइल काढताना किती निघतं ते भांड्यात मोजायला सांगा, चेंबरच्या तळाला चकचकीत चुरा आहे का बघा, जाळीचा फोटो काढा. शक्य असेल तर बेअरिंगच्या एकदोन कॅप उघडून क्रँक कसा दिसतोय तेही बघा.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतोय तर इंजिन गेल्याचं कारण बऱ्याचदा इंजिनच्या बाहेर बसलेलं असतं, आणि ते बाहेरचे पार्ट तुमच्या जुन्या इंजिनवरून काढून नव्याने आणलेल्या इंजिनवर चढवले जातात. विहीर का आटली ते न बघता नवी मोटर सोडल्यासारखं होतं ते. उदाहरणार्थ टर्बो. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि ती इंजिनच्याच ऑइलवर तरंगत असते. ज्या काही मिनिटांत तुमच्या क्रँकचं बेअरिंग उपाशी मेलं त्याच मिनिटांत टर्बोही उपाशी होता. तोच टर्बो पुसून पुन्हा बसवला तर महिनाभरात निळा धूर सुरू होईल आणि वाईट नशीब असेल तर टर्बोतून ऑइल इनटेकमधे जाऊन तेही इंजिन जाईल. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी, आणि त्याच्या पाइपात जुनं ऑइल साचलेलं असतं, ते धुतलंच पाहिजे. ऑइल कूलरमधे धातूचा चुरा अडकतो, तो पूर्ण साफ होईल याचा भरवसा नाही म्हणून मी तरी जुना कूलर नव्या इंजिनला लावू देत नाही. टर्बोला ऑइल नेणारा बारीक पाइप बदलून टाका. हे सगळं तुमच्या ५८ हजारात आहे का? मला नाही वाटत, दोन दिवसात एवढं होतच नाही.

चेंबर उघडायचा दुसराही एक फायदा आहे. ‘जाम’ हा शब्द गॅरेजमधे फार सैल वापरला जातो. कधी बेअरिंगने क्रँकला पकडलेलं असतं, कधी पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, भोक पडलेलं असतं. भोक पडलं असेल तर विषय संपला, दुसरं इंजिन शोधा. पण ब्लॉक धड असेल, बोअरवर, म्हणजे पिस्टन सरकतो त्या नळीवर, ओरखडे नसतील, तर तुमचा ब्लॉक ठेवून क्रँक, बेअरिंग, ऑइल पंप असं काम करता येतं, आणि मग इंजिन नंबर तुमचाच राहतो कारण नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. आरटीओचा सगळा फेरा वाचतो. ९० हजारांत नक्की काय काय धरलंय ते त्याला विचारा. चारही पिस्टन, रिंगा, क्रँक, हेडचं काम, इंजेक्टर सगळं धरलं असेल तर ठीक, पण कदाचित तुम्हाला यातलं निम्मंच लागणार असेल. मात्र एक सांगतो, इंजिन बांधणं म्हणजे अर्धं काम गॅरेजचं आणि अर्धं मशीन शॉपचं. क्रँक ग्राइंड करणारा माणूस चांगला नसेल तर बांधलेलं इंजिन चांगल्या जुन्या इंजिनपेक्षा लवकर जातं. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे भागात अशी शॉप आहेत. गॅरेजवाला कुठल्या शॉपला देतो ते विचारून स्वतः एक चक्कर मारा, काम कसं चाललंय ते बघितल्यावर बरंच कळतं.

आता जुन्या इंजिनकडे. तुमच्या गाडीतलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. आपल्याकडे ते इतक्या गाड्यांमधे आलं की गाड्यांच्या नादी लोकांनी त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिनच म्हणून टाकलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो आणि लिनिया, नंतर एर्टिगा, सियाझ, ब्रेझा. म्हणून माल भरपूर मिळतो आणि म्हणूनच घोळही भरपूर होतो. कारण सगळी भावंडं असली तरी जुळी नाहीत. साधारण ७५ हॉर्सपॉवरवालं साध्या टर्बोचं वेगळं, ९० वालं वेगळं, त्याचा टर्बो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, वेगळा. टाटा-फियाटच्या इंजिनचे ब्रॅकेट, सेन्सर, पाइप वेगळे. तुम्हाला स्विफ्ट, डिझायर किंवा रिट्झमधलंच, तुमच्याच काळातलं इंजिन हवंय. त्यातही ४ मीटरच्या आतली नवी डिझायर फेब्रुवारी २०१२ ला आली, त्यामुळे तुमची २०१२ ची गाडी जुन्या ढंगाची की नव्या हे आधी पक्कं करा आणि इंजिन घेताना तुमच्या इंजिनचे चारही बाजूंनी फोटो मोबाइलमधे घेऊन जा. आरसीवर बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी टप्पा) लिहिलंय का तेही बघा. मुंबईसह १३ शहरांत बीएस-४ २०१० ला आलं पण सगळ्या देशाला ते लागू व्हायला २०१७ उजाडलं, मधल्या काळात बाहेरच्या भागात बीएस-३ गाड्या विकल्या जात होत्या, आणि कुर्ल्याला इंजिन कुठल्या राज्यातल्या गाडीतून आलंय ते बघून कळत नाही. मारुतीने एप्रिल २०२० ला डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे कोणी ‘दोन वर्षांचं इंजिन आहे साहेब’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

तुमचा ईसीयू तुमचाच ठेवायचा, कारण चावीचा इमोबिलायझर, म्हणजे दुसऱ्या चावीने गाडी सुरू होऊ न देणारं कुलूप, त्याच्याशी बांधलेला असतो. आणि आणलेल्या इंजिनसोबत त्याचे इंजेक्टर वापरणार असाल तर प्रत्येक इंजेक्टरवर कोड असतो, तो स्कॅनर लावून ईसीयूत भरावा लागतो. बरेच जण भरत नाहीत, मग गाडी उभ्या जागी थरथरते, धूर काढते, आणि सगळे म्हणतात जुनं इंजिन खराब निघालं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टांच्या बाजारात स्वतः जा. गॅरेजवाल्याला सोबत घ्या पण पैसे तुम्ही द्या आणि बिल तुमच्या नावावर घ्या. तिथले सगळे लबाड असतात असं मी अजिबात म्हणणार नाही, पिढ्यानपिढ्या हा धंदा करणारे आणि दिलेला शब्द पाळणारे लोक तिथे आहेत, पण तो माल विकायला बसलाय आणि तुम्ही नवखे आहात एवढं लक्षात ठेवा. ‘फक्त ५० हजार चाललंय’ या वाक्याला काही अर्थ नाही, इंजिनवर मीटर नसतं. अर्थ आहे तो इंजिन चालू करून बघण्याला. काही जण स्टँडवर बांधून, बॅटरी लावून इंजिन चालवून दाखवतात, काहींकडे अजून गाडीतच असलेलं इंजिन मिळतं आणि ते मिळालं तर सोन्याहून पिवळं. जायच्या आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका, गेल्यावर आधी हात लावून बघा गार आहे का. गार डिझेल इंजिन पहिल्या झटक्यात कसं उठतं त्यात त्याची निम्मी तब्येत कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय किंवा डिझेल नीट जळत नाहीये. चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण उघडा, थोडी वाफ ठीक आहे, पण भसाभसा धूर बाहेर फेकत असेल तर रिंगा गेल्यात. समोरच्या बाजूने, जिथे टायमिंग चेन असते तिथून, सुरू होताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खळखळ आली तर चेन आणि टेन्शनर बदलायचे पैसे हिशोबात धरा.

कॉम्प्रेशन टेस्टचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजण्याचा, आग्रह धरा. डिझेलचा गेज वेगळा असतो, पेट्रोलचा गेज डिझेलला चालत नाही, म्हणून तो ज्याच्याकडे आहे असा माणूस घेऊन जा, डिझेल पंप-इंजेक्टरचं काम करणाऱ्यांकडे असतो. आकडा किती येतो त्याच्याइतकंच चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. तीन सारखे आणि एक पडलेला असेल तर ते इंजिन सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी.

आणि पुराच्या गाड्या. याकडे लोक लक्षच देत नाहीत. २०१९ च्या जुलैमधे बदलापूर-वांगणीकडे पाणी भरलं, २०२१ च्या जुलैला चिपळूण बुडालं, अशा प्रत्येक पुरानंतर पाण्यात गेलेल्या गाड्या विम्यातून सुटून भंगारात येतात आणि त्यांची इंजिनं फिरत राहतात. पाण्यात असताना कोणी गाडी सुरू करायचा प्रयत्न केला असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन चालतं, चांगलं चालतंय असंही वाटतं, आणि काही महिन्यांनी रॉड तुटतो. अल्टरनेटरच्या आत, वायरिंगच्या प्लगमधे, ब्रॅकेटच्या खाचांत वाळलेला बारीक गाळ शोधा. इंजिन बाहेरून जास्तच चकचकीत धुतलेलं असेल तरी हे सगळं बघा, उलट तेव्हा जास्तच बघा. कॉम्प्रेशन टेस्टमधे वाकलेला रॉड बऱ्याचदा पकडला जातो, म्हणून मघाशी तेवढा आग्रह धरला.

आता त्या ‘बघून घेऊ’ बद्दल, कारण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात जास्त काळजी त्या दोन शब्दांची वाटली. याचे दोनच अर्थ होतात. एक, आरटीओला काही सांगायचंच नाही. दोन, आलेल्या ब्लॉकवरचा नंबर घासून तुमचा नंबर ठोकायचा. दुसरं तर सरळ गुन्हा आहे, गाडी तुमच्या बाबांच्या नावावर आहे आणि पोलीस विचारायला येतील ते बाबांना, गॅरेजवाल्याला नाही. घासलेला ब्लॉक चोरीच्या गाडीतला निघाला तर चोरीचा माल जवळ बाळगल्याचा विषय येतो, पूर्वी आयपीसीचं ४११ होतं ते आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मधे आहे. साताऱ्याला जाऊन येणाऱ्या वयस्कर माणसाच्या मागे हे लावून घेऊ नका. पहिला पर्याय, न सांगता चालवणं, लोकांना निरुपद्रवी वाटतो कारण रस्त्यावर बॉनेट उघडून कोणी नंबर बघत नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे इंजिन बदलल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं हे स्पष्ट आहे. आणि मुख्य म्हणजे तुमची गाडी २०१२ ची, २०२७ ला १५ वर्षं पूर्ण होतात, रीपासिंगला, म्हणजे नोंदणी पुन्हा वाढवून घ्यायला, गाडी आरटीओपुढे उभी करावी लागणार आणि तिथे इंजिन नंबर बघतात. म्हणजे आज लपवलेली गोष्ट अगदी जवळच्या तारखेला उघडी पडणार, आणि तेव्हा इंजिन विकणारा त्याच जागी असेलच असं नाही, बिल मागायचं कुणाकडे? मधे मोठा अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर इंजिन नंबर जुळवतो, न जुळल्यास क्लेम अडकतो.

म्हणून कागद इंजिनच्या आधी. विकणाऱ्याकडून ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची कॉपी मागा, त्यावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी अक्षर न अक्षर जुळवा, आकड्यांच्या आजूबाजूची जागा ग्राइंडर मारल्यासारखी गुळगुळीत किंवा खोल वाटली तर हातही लावू नका. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) डिजिटल पोलीस पोर्टलवर गाडी चोरीच्या नोंदीत आहे का ते बघायची सोय आहे, तिथे इंजिन आणि चेसिस नंबर टाकता येतो, तो रिपोर्ट काढून ठेवा. बिल पक्कं, जीएसटी नंबर असलेलं, त्यावर इंजिन नंबर, कुठल्या गाडीतलं ते आणि टेस्टिंगची मुदत, म्हणजे खराब निघालं तर परत घ्यायची मुदत, किती दिवस हे लिहिलेलं हवं. कच्च्या चिठ्ठीवर ४ हजार स्वस्त देतो म्हणाला तर ते ४ हजार त्याला ठेवू द्या.

आरटीओत जायच्या आधी तीन गोष्टी बघा. बाबांनी लोन घेतलं होतं का, फिटलं असेल तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं, ते काढून घ्या, नाहीतर बँकेची लेखी संमती लागेल. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली नसेल तर आधी लावा, तिच्यावाचून कामं अडतात. आणि तुम्ही आता ऐरोलीला राहता म्हणजे वाशी आरटीओच्या हद्दीत, गाडी एमएच ०४, आरसीवर पत्ता कळव्याचा. पत्ता बदलून घ्या, गाडीचा नंबर तोच राहतो. परिवहनच्या पोर्टलवर गाडीतल्या बदलाचा अर्ज करता येतो. बिल, आरसी, विमा, पीयूसी, चोरीच्या नोंदीचा रिपोर्ट आणि चेसिसचा पेन्सिल प्रिंट (चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घेतलेला ठसा) अशी फाइल तयार ठेवा, इन्स्पेक्टर गाडी बघतो. त्याच कंपनीचं, त्याच सीसीचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर हे काम वाटतं तेवढं अवघड नाही, चकरा होतील एवढंच. आरसीवर नवा नंबर आला की विमा कंपनीकडून पॉलिसीतही बदलून घ्या.

बसवतानाचं थोडक्यात सांगतो. इंजिन बाहेर असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या, ऐरोली-ठाणे ट्रॅफिकमधे क्लचला काय भोगावं लागतं ते तुम्हाला माहितीये, नंतर बदलायला पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी लागते. क्रँकचं मागचं-पुढचं ऑइल सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, बेल्ट, कूलंटचे रबरी पाइप, इंजिन माउंट यातलं जे थकलेलं आहे ते आत्ताच. टायमिंग चेन किट तर मी इंजिन कितीही चांगलं वाटलं तरी नवंच टाकायला सांगेन. बसवल्यावर लगेच स्टार्ट मारायचा नाही, आधी ऑइल वरपर्यंत पोचेल असं इंजिन फिरवून घ्यायचं आणि लाल दिवा गेल्याशिवाय रेस नाही. पहिलं ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरच्या आत बदला, काढलेल्या ऑइलमधे चुरा आहे का बघा. टेस्टिंगच्या मुदतीत गाडी गॅरेजच्या गल्लीत न फिरवता शिळफाट्यापर्यंत, घोडबंदरला अशी गरम होईल एवढी चालवा, म्हणजे जे काही निघायचं ते मुदतीत निघेल. साताऱ्याचा घाट त्यानंतर.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचा आदेश निघाला तो दिल्ली-एनसीआरसाठी, आपल्याकडे तसा नियम नाही. पण २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने मुंबई महानगर भागात पेट्रोल-डिझेल गाड्या हळूहळू बंद करता येतील का याचा अभ्यास करायला समिती नेमली होती, म्हणजे वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते दिसतंय. १५ वर्षांनंतर रीपासिंग, त्याची फी आणि पर्यावरण कर हे खर्चही येणार, आणि रीपासिंग झालं की ५ वर्षांची मुदत मिळते. त्यामुळे मी हिशोब असा करेन की इंजिन, टर्बो, क्लच, कागद सगळं धरून खरा आकडा ८० हजारांच्या आसपास जाईल, ५८ नाही. गाडीचा तळ, दरवाजांच्या खालच्या पट्ट्या, पुढचे सस्पेन्शनचे टॉवर गंजलेले नसतील आणि टायर-सस्पेन्शनचा दुसरा मोठा खर्च दारात उभा नसेल तर ८० हजार घालून ही गाडी ठेवणं मला पटतं, कारण तेवढ्या पैशात तुम्हाला मिळणारी दुसरी जुनी गाडी अनोळखी असेल आणि ही तुमच्या ओळखीची आहे. खाडीकडेच्या हवेत गंज फार खातो, म्हणून रॅम्पवर चढवून खालून नीट बघा. तळ कुजलेला असेल तर मात्र बाबांना शांतपणे बसवून सांगा. मग नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन सर्टिफिकेट घ्या, नव्या गाडीच्या टॅक्समधे त्याची सवलत मिळते. नाक्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, आरसी रद्द झाल्याशिवाय गाडी कागदावर बाबांचीच राहते.

शेवटचं ते ८ हजारांचं. तुमचं जुनं इंजिन गॅरेजवाल्याला आत्ता देऊ नका. त्यावर बाबांच्या गाडीचा नंबर आहे, आणि आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत आरटीओच्या लेखी तेच तुमचं इंजिन आहे. उद्या तो ब्लॉक दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसला आणि त्या गाडीने काही केलं तर नंबर शोधत लोक ऐरोलीला येतील. चालू पार्ट, म्हणजे अल्टरनेटर, स्टार्टर, एसी कॉम्प्रेसर, डिझेल पंप, हे तुमच्याकडे ठेवा, ते नव्या इंजिनला लागू शकतात. ब्लॉक गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा सोसायटीच्या पार्किंगमधे ताडपत्री टाकून पडू दे, नवी आरसी हातात आली की मग विका, घेणाऱ्याचं नाव, आधारची कॉपी, ब्लॉकचा नंबर आणि तारीख लिहिलेली सही केलेली पावती घ्या आणि ती गाडीच्या फाइलमधे लावून ठेवा. चेंबर उघडल्यावर जाळीचे आणि क्रँकचे फोटो मला पाठवा, बांधायचं की बदलायचं ते बघून सांगतो.